बिगुलवाल्याचा कान

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर पत्र न फोडताच कुठेतरी कोंबशील, म्हणून पत्ता शेजारणीकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं आहेच, पण ते तू समोर असताना. तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि ते तुझ्याशिवाय जगात दुसरं कोणी पुरं करू शकत नाही.

आई आता पडूनच असते. डोळे मागेच गेले. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासते आणि माझ्याच घरात आईला माझा हात लागेपर्यंत मी आलेली कळत नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना आवडेल ते करा. म्हणजे काय ते समजून घे. जेवण दोन घास, पण बोलणं मात्र भरपूर. माझ्याशी नाही हं, आणि तुझ्याशी तर नाहीच. धाकट्याशी. मुठीत तो शिशाचा बिगुलवाला शिपाई असतोच. पुसायला मागितला तरी देत नाही. अंगठ्याने त्याचे गाल चोळत राहते आणि म्हणते, दमलास का रे, किती वाजवशील.

मी धाकट्याला पाहिलेलं नाही. तापाने तो गेला, त्यानंतर मी झाले. त्याचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. तरी या घरात सगळ्यात जास्त जागा त्यालाच मिळाली, तुला माहीत आहे. ताट त्याचं, खुंटी त्याची, खिडकीजवळची झोपायची जागा त्याची. लहानपणी त्या जागेवर बसायची मला भीती वाटायची. कोणीतरी म्हणेल, सरक जरा, असं वाटायचं. मी तुझ्या कडेवरच बरी असायचे, तुझं शेपूट. तुझी ती कानाची फाटकी पाळी चिमटीत धरल्याशिवाय मला झोप येत नसे. बाबांच्या खेळण्यांच्या कारखान्यात, पत्र्याच्या दारात अडकून फाटली होती ना? तू वैतागायचास, पण डोकं कधी हलवलं नाहीस.

बाबांनी तो बिगुलवाला घडवला तेव्हा मी तान्ही होते. पुढचं सगळं ऐकीव. बाबा मूळ शिपाई कोरायचे, त्यांच्या जोडीचे साचेकाका त्याचा रबरी साचा करायचे आणि मग शिसं ओतून एकासारखा एक शिपाई निघायचा. चांगले नग विक्रीला जायचे, फसलेले घरी यायचे. तसाच तो, कानाशी शिसं नीट न भरलेला बिगुलवाला घरी आला. आईने तो हातात घेतला आणि म्हणाली, अगबाई, हा तर माझा धाकटा. बाबा काही बोलले नाहीत. तू तिथेच उभा होतास. पुढे कितीतरी वर्षांनी, घर सोडताना, तू बाबांना म्हणालास की मेल्याशिवाय या घरात पुतळा होत नाही. ते मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं. बाबा तेव्हाही गप्पच होते. त्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला होता, काय सांगू!

बाबा गेल्यावर मला एक वेड लागलं. हसू नकोस. मी ते बिगुलवाले गोळा करायला लागले. कारखाना तर केव्हाच बंद पडला, पण जुन्या बाजारात, भंगारात, शौकीन लोकांकडे अजून मिळतात. अट एकच, रंगवलेला नको. रंग चढला की बारकावे बुजतात, आणि डोळे तर ज्याने रंगवले त्याच्या मनातले. मला बाबांच्या हातचं हवं होतं, कोरं. विकणारे मला वेडी समजतात. लोक वेगवेगळे शिपाई जमवतात, घोडेस्वार काय, तोफवाले काय, आणि ही बाई एकाच पोराच्या मागे!

पण दादा, साचा वापरून वापरून झिजतो. नंतर ओतलेल्या नगांचं आधी नाक बसतं, मग ओठ, मग कान नुसता गोळा होतो. मी दुकानातलं भिंग डोळ्याला लावून ते ओळीने लावले. डावीकडे अगदी पुसलेला, मग जरा बरा, मग त्याहून बरा. ती ओळ काचेच्या कपाटात ठेवली आहे. डावीकडे बघत गेलं की कोणीतरी आपल्यादेखत विसरलं जातंय असं वाटतं. रस्त्यावरून ट्रक गेला की कपाट थरथरतं आणि सगळे बिगुल काचेवर टकटकतात. आई पडल्या पडल्या म्हणते, आला बघ. पहिल्यांदा मी सरळ स्वयंपाकघरात निघून गेले. आता जात नाही. आता मीही दाराकडे बघते.

मला वाटायचं, या ओळीच्या उजव्या टोकाला माझा भाऊ आहे. अगदी पहिला नग मिळाला की आईला त्याचा खरा चेहरा हातात देता येईल, आणि मलाही तो एकदाचा दिसेल. म्हणून साचेकाकांना शोधून काढलं. म्हातारे झालेत, ऐकू कमी येतं, जीभ मात्र तशीच तिखट. माझं म्हणणं पुरतं ऐकलंही नाही त्यांनी. पेटीतून चिंधीत गुंडाळलेला एक नग काढला, माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, थोरला कसा आहे गं?

मला वाटलं, म्हातारपणामुळे घोटाळा होतोय. भिंग लावलं. दादा, त्या बिगुलवाल्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे.

माझी बोटं आपोआप चिमटीसारखी जुळली. मला बघायची गरजच नव्हती. ते फुगलेले गाल आणि ओठांचा चंबूही बिगुलासाठी नव्हता. काका म्हणाले, तू माझं दूध फुंकून फुंकून निववत बसायचास, तेव्हा बाबा तुझ्याकडे बघत बसायचे आणि कारखान्यात येऊन ते कोरायचे. बिगुल नंतर चिकटवला. मग आईला सांगितलं का नाही, असं मी जवळजवळ ओरडलेच. तर काका म्हणाले, बाबांनी तेव्हा येऊन उलट काकांनाच विचारलं होतं, ती आज इतक्या दिवसांनी पोटभर जेवली, आता कोणत्या तोंडाने सांगू? सांगायचं राहिलं ते राहिलंच. तू घर सोडल्यावर मात्र हा नग बाबांनी काकांकडे दिला. घरात ठेवायची हिंमत नव्हती म्हणे.

म्हणजे बघ, आई इतकी वर्षं तुझेच गाल चोळतेय. तुझा लाड चाललाय आणि तू तिकडे रुसून बसलायस. मी घरी येईपर्यंत रस्त्यात एकटीच हसत होते. घरी आल्यावर कपाटासमोर उभी राहिले आणि हसू आटलं. आई सांगते ना, धाकट्याचे गाल गोबरे होते, कपाळ रुंद होतं, ते सगळं तिने त्या शिपायावरूनच घेतलंय. तिच्या मनातला त्याचा चेहरा तुझ्या चेहऱ्याने कधीच पुसून टाकलाय. मग तो कुठे आहे? या घरात ज्याच्यासाठी आपण सगळे अंग चोरून वावरलो, त्याला चेहराच उरलेला नाही. परवा पुन्हा ट्रक गेला, बिगुल टकटकले, आई म्हणाली, आला बघ, आणि मला रडूच फुटलं. कारण तो आला तरी आता मी त्याला ओळखणार नाही, आणि तीही नाही.

म्हणून लिहितेय. खरा नग अजून माझ्या पर्समध्येच आहे. तिच्या हातात दिला तर तिचा अंगठा त्या पाळीवर थांबेल. तिला तू मिळशील, पण तिचा धाकटा पुन्हा एकदा जाईल, आणि या वेळी मला एकटीला ते बघवणार नाही. त्याला डोळे भरून पाहिलेलं आणि अजून ते आठवत असलेलं माणूस आता एकच आहे, तू. तू ये. तिच्याजवळ बस आणि धाकटा कसा दिसायचा ते सांग, हसायचा कसा, चिडायचा कसा, सगळं. मीही ऐकेन. मग तो शिपाई द्यायची गरजच पडणार नाही. तिचा हात घे आणि तुझ्या कानावर ठेव. आई आहे, तिने तुझा कान धरायचा राहिलाच आहे. धरू दे.

तुझीच,
शेपूट