दुसरी चकती

माय,

परवा नेरडीगोंड्याला हायवेलगतच्या शीतकरण केंद्रात एका अधिकाऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, आपकी माँ दूध में पानी नहीं मिलाती थी, ये आपको कैसे मालूम?" आणि मला उत्तर देता आलं नाही. जन्मभर आदिलाबादच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, पोरांना एकेका वाक्याचा पुरावा मागितला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा उठून निघून आले. घरी आल्यावरही राग गेला नाही. म्हणून लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवतं काऊन, तोंडानं बोल." तोंडानं बोलायला तू उरली नाहीस, त्याला बरीच वर्षं झाली.

तिथं मी माझं यंत्र दाखवायला गेले होते. दुधात पाणी आहे का, हे सांगणारी डबी. आत क्वार्ट्झची नखाएवढी पातळ चकती असते. वीज दिली की ती थरथरते, सेकंदाला लाखो वेळा, डोळ्यांना काही दिसत नाही. तिच्यावर दुधाचा थेंब ठेवला की तो तिला धरून ठेवतो आणि थरथर मंदावते. चांगलं दूध जास्त धरतं, पाणी घातलेलं कमी. सायीचं तिला काही कळत नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. माझी पहिली डबी म्हणजे लग्नातला बँड होता: पंप, नळ्या, ऊब कायम ठेवणारी पेटी. एवढं करून आकडा स्थिर राहीना. थेंब जरा गरम झाला की चकती खोटं बोलायची. मग एकेक वस्तू काढत गेले. पंप काढला, पेटी काढली, नळ्या फेकल्या. आणि एकच गोष्ट वाढवली. त्याच पितळी ठोकळ्यात, शेजारी, दुसरी चकती बसवली. तिच्यावर ग्लिसरीन मिसळलेलं, दुधाइतकं दाट पाणी कायमचं बंद केलेलं. ऊब लागली तर दोघींना सारखीच लागते. मी दोघींमधला फरक तेवढा वाचते, त्यामुळे उबेचा खोटेपणा वजा होतो. यंत्र साधं झालं आणि आकडाही बरोबर येऊ लागला.

दुसरी चकती कुणासाठी, ते तुला सांगायला नको. तरी सांगते. मी आठवीत आहे. आपल्या बौद्धवाड्यातून तलमडुगूच्या दूध केंद्राची वाट तू जवळजवळ पळत काढतेस, मागे मी दप्तर सांभाळत. बरणी तू जुन्या लुगड्यात गुंडाळली आहेस, वर गोणपाट. दूध गरम पोचलं पाहिजे. गरम दूध म्हणजे आत्ता काढलेलं, आपल्या म्हशीचं, चोख; वाड्यातली कोणतीही बाई हेच मानायची. आपलं दूध लोक आधीच नाक मुरडून घ्यायचे, म्हणून तू इतरांपेक्षा जास्त पळायचीस. केंद्रावरचा मापारी दूध तपासायची काचेची नळी बरणीत सोडतो. नळी खोल जाते. "पाललो नीळ्ळु!" दुधात पाणी, असं तो तेलुगूत सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडतो. "हात लावून पाह्य ना बापू, गरम हाये," तू म्हणतेस. "पाणी ऊन करून टाकलं असन," रांगेतली एक बोलते आणि बाकीच्या हसतात. तो बरणी गटारात उपडी करतो. मी तोंड उघडते, तोच तू माझा दंड दाबतेस. "गप. उद्या याच दारात यायचं हाये." दुसऱ्या दिवशी तू बरणीला लुगड्याचे दोन वेढे दिलेस आणि आणखी जोरात पळालीस.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की ती नळी गार दुधासाठी बनवलेली असते. गरम दूध हलकं होतं, नळी त्यात खोल जाते, पाणी घातल्यावर जाते तशीच. केंद्रात थर्मामीटर हवा होता, किती उबेला किती सूट द्यायची याचा तक्ता हवा होता. कुणी लावला नाही. जे लुगडं तू खरेपणासाठी गुंडाळायचीस, त्यानंच तुला खोटं पाडलं. सुटीत घरी आले तेव्हा तू चुलीपुढं ज्वारीच्या भाकरी थापत होतीस. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "माय, दूध थंड करून नेत जा, नळी वर राहीन." तू भाकर उलटली आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "थंड दूध? लोकं म्हणतीन रातचं हाये. खरं हाये ते निववून नेऊ काय वं? तुह्या त्या नळीले शिकव, मले नको शिकवू." म्हैस मरेपर्यंत तू बरणी गुंडाळूनच नेलीस. तेव्हा मला तुझा हट्ट वाटला. पुढं मी नळीलाच शिकवायला बसले.

परवा तो अधिकारी म्हणाला, "एक डिस्क निकाल दीजिए मॅडम, और सिंपल हो जाएगा. हमारे यहाँ तो दूध ठंडा ही आता है." शीतकरण केंद्रात बसून कुणीही हे म्हणेल. मी म्हटलं, "इथं येईपर्यंत थंड होतं. गावात बाई आणते तेव्हा गरमच असतं, आणि पाण्याचा आरोप गावातच होतो." तो हसला. साधं करण्यासाठी जे काढायचं ते मी काढलं आहे, दुसरी चकती साक्षीदार आहे, ती काढणार नाही, असं मी सांगितलं, आणि तुझी गोष्ट सांगितली. तेव्हा त्यानं तो प्रश्न विचारला. प्रश्न चोख होता. मी डबी उचलली. एका चकतीचं यंत्र हवं असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, त्यावर माझं नाव नको, एवढं बोलून निघाले.

आज सकाळी तलमडुगूला गेले. तिथल्या बायकांनी आता स्वतःचा दूध गट केला आहे. मापाऱ्यानं पाणी म्हटलं तर आपल्याजवळही काही असावं, असं त्यांचं म्हणणं. एकीची बरणी अजून गुंडाळलेली, फक्त लुगड्याच्या जागी नवऱ्याचं स्वेटर. "काऊन वो बाई, हा आकडा आमाले दिसन का फकस्त मापाऱ्याले?" तिनं विचारलं. मी आकड्याची पाटी तिच्याकडे फिरवली. "तुमाले दिसन." "मंग त्याले काय दिसन?" "त्याले तुमचं तोंड दिसन." हशा झाला. एकीनं चकती पुसायला पदर पुढं केला, तशी मी ओरडले, "पदर लावसान तं हात मोडीन! फकस्त पाण्यानं धुवायची." ती म्हणाली, "बाई, तुमी तं आमच्या सासूले भारी." मग स्वेटरवालीच्या गरम दुधाचा थेंब ठेवला. आकडा चोख आला. तिनं स्वतःच लोट्यातलं थोडं पाणी दुधात ओतलं आणि पुन्हा थेंब ठेवला. आकडा घसरला. ही डबी आपल्यालाही सोडणार नाही, हे त्यांना कळलं. तरी एकीनंही ती परत ने म्हटलं नाही.

मला तेव्हाच उत्तर सापडलं. त्या गटारातल्या दुधाचा थेंब कुणी ठेवला नाही. तू पाणी घातलं नव्हतंस हे मला माहीत नाही, माय. मी ते फक्त मानते. चकतीवर तुझं दूध ठेवायची वेळ आली असती, तर मलाही आकड्याची भीती वाटली असती. पण दुसरी चकती मी काढली नसती, आणि तूही काढू दिली नसतीस.

तलमडुगूच्या महिला दूध गटाकडे आज सोपवलं ते असं: पितळी डबी एक. आत चकत्या दोन, दोन्ही आपापल्या जागी. आकड्याची पाटी बाहेरच्या बाजूला फिरवून घट्ट केलेली. घेणारींच्या सह्या झाल्या, स्वेटरवालीनं अंगठा दिला. देणारी मी. हे पत्र कुणाकडे दिलेलं नाही.