अंगठ्याचं माप

प्रिय बाबा,

तर मी फुकटचा पगार खातो, असं तुम्ही ताईला म्हणालात. सायकलवाल्यांच्या मागे गाडीत बसून फिरायचं, याला काय काम म्हणतात! ताईने फोनवर तुमचा आवाज काढून दाखवला, अगदी नाकातल्या सुरात. मी हसलो खरा, पण लागलं. तीन वर्षांपूर्वी आपल्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून तुम्ही हेच ऐकवलं होतंत. तेव्हा शेवटचा शब्द तुमचा राहिला, कारण माझी बस सुटत होती. आता बस सुटत नाहीये, तेव्हा ऐकून घ्या. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत 'बरं, ताईशी बोल' करून मोकळे होता, म्हणून कागद घेतला. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

ताई म्हणते, आधी येण्याचं लिही. तुमच्या उजव्या हाताचं तिने सगळं सांगितलंय. मनगटातली नस दबलीय, अंगठ्याला काही कळत नाही, पाना हातातून पडतो. परवा हवा भरता भरता एका गिऱ्हाइकाची ट्यूब फाटकन फुटली. डॉक्टरांनी ऑपरेशनला वीस तारीख दिलीय, अजून लांबवलं तर बधिरपणा कायमचा, असंही बजावलंय. आणि तुमचं आपलं एकच, भिंगऱ्या येऊन दुकानात उभा राहील तेव्हा करू. येण्याचं लिहितो, बाबा. पण आधी माझं काम काय ते सांगू द्या, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही.

या परमुलखातले डोंगर पाहिलेत तर म्हणाल, कुणीतरी भट्टी विझवली आणि राख तशीच टाकून निघून गेला. हजारो वर्षांपूर्वी यांच्यातून आग निघायची म्हणे. आता डोक्यावर नुसता वाटीसारखा खड्डा उरलाय, त्यात मेंढ्या चरतात. दगड काळा, भोकाभोकांचा, हातात घेतला तर वजनच नाही. उतारावर लाल-काळी खडी, पाय ठेवला की करकरते आणि सरकते. या डोंगरांमधून मेंढपाळांच्या जुन्या वाटा जातात आणि लोक पैसे मोजून त्या वाटांवर सायकल चालवायला येतात. शेजारून चांगला डांबरी रस्ता जात असतो बरं का. तो सोडून! पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी एकटा सायकल घेऊन त्या दिवसाची वाट पाहून येतो. कुठे पाण्याने घळ पडलीय, कुठे दरड उतरलीय. वाईट वळणाच्या अलीकडे झुडपाला लाल फीत बांधतो. मग परत येऊन सगळ्यांच्या सायकली तपासतो, साखळी, ब्रेक, हवा. त्यानंतर पाणी, ट्यूबा आणि लोकांच्या बॅगा घेऊन गाडीतून मागे मागे. तुम्हाला नुसतं हे शेवटचं दिसतं.

यात सगळ्यात नाजूक काम हवेचं. आपल्या दुकानात माप एकच, तुमचा अंगठा. टायर दाबायचा, अंगठा आत जाता कामा नये. बरोबरच होतं ते. कुणी दुधाचे कॅन लादून नेणार, कुणी सिमेंटचं पोतं, कुणी पुढे-मागे अख्खं कुटुंब. हवेचं मीटर विकायला आलेल्या माणसाला तुम्ही अंगठा दाखवून वाटेला लावलं होतंत, आणि मी त्याच्यामागे दात काढत उभा होतो. इथे सगळं उलटं. खडीवर टायर मऊ लागतो. मऊ टायर खडीला धरून जातो, कडक टायर तिच्यावरून उडतो. शिवाय ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे हवा वेगळी, ती मीटर लावून भरायची आणि वहीत लिहायची. हे शिकायला मला अख्खा हंगाम लागला. डोक्यात शिरलं होतं, पण अंगठा ऐकेना.

मागच्या सोमवारी मीटर गाडीच्या दारातून खाली दगडावर पडलं. काच फुटली, काटा शून्यावर लोंबायला लागला. दुसरं मीटर या सायकल-सहली काढणाऱ्या आमच्या मालकिणीच्या घरी, जाऊन यायला तासभर. सहाजण हेल्मेट चढवून उभे, त्यातला एक सारखा घड्याळ बघतोय. मी काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. सहाच्या सहा सायकली अंगठ्याने दाबून भरल्या. आणि खरं सांगू? त्या दहा मिनिटांत मला फार बरं वाटलं. तुमच्या शेजारी उभा राहून काम करतोय असं.

पाच गडी चांगले दणकट होते, त्यांच्या वजनाला ते खपून गेलं. सहाव्या एक बाई होत्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, अंगाने अगदी काडी. मला ड्रायव्हरसाहेब म्हणायच्या, मी त्यांना पोस्टमास्तरीणबाई. चार दिवसांत त्यांनी मला इतकं हसवलं होतं की विचारू नका. तिसऱ्या टेकडीच्या उतारावर त्यांचं पुढचं चाक चेंडूसारखं उडालं. मी मागून बघत होतो, दोनशे पावलांवरून. मी हॉर्न दाबला, बाबा. हॉर्नचा काय उपयोग? पण दुसरं करण्यासारखं काही हाताशी नव्हतं, म्हणून तो दाबूनच धरला.

खुब्याचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्सला त्या वाटेने वर यायला दीड तास लागला. तेवढा वेळ मी त्यांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून नकाशा उघडून धरून उभा. उलट त्याच मला म्हणत होत्या, अरे बस जरा, हात भरून येतील तुझे. नंतर त्यांची सायकल गाडीत चढवताना मी पुढचा टायर दाबून पाहिला. अंगठा तसूभर आत गेला नाही. तुम्ही शाबासकी दिली असती.

मालकिणीने कागदावर लिहिलं, सैल खडीमुळे अपघात. मी तिला अंगठ्याचं सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ रिकामा कप बशीत फिरवत बसली. मग म्हणाली, तू हे खरं बोललास तर मला तुला ठेवता येणार नाही, आणि खोटं बोललास तर मला तुझ्याकडे बघता येणार नाही, तुझं तू ठरव. विम्याचा माणूस एकवीस तारखेला सगळ्यांचे जबाब घ्यायला येतोय. तोवर कुणी इथून हलायचं नाही. बाईंना सांगायला मी दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी मला बिस्किटं दिली. मी ती खाल्ली आणि न सांगताच परत आलो.

बॅग भरली होती मी, लपवत नाही. दोनदा भरली, दोनदा सोडली. पळून आलो असतो तर वीसला तुमच्याजवळ असतो, पण तुमचा पाना हातात घेताना त्या बाई आठवल्या असत्या. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून तुम्ही मला भिंगऱ्या नाव ठेवलंत, आणि आयुष्यात पहिल्यांदा थांबायची वेळ आली ती नेमकी तुम्ही बोलावत असताना. जबाब मी खरा देणार आहे. तुमच्या अंगठ्याची त्यात काही चूक नाही. त्याचं माप त्याच्या रस्त्यावर बरोबर होतं, या रस्त्यावर ते मी आणलं.

तर येण्याचं लिहायचं होतं ते हे, की मी येत नाहीये. वीसला नाही, आणि जबाबानंतर माझं काय होईल ते ठाऊक नाही, म्हणून पुढे कधी ते मला आज सांगता येत नाही. एवढं कळावं म्हणूनच हे पत्र. माझी वाट बघत हात घालवू नका, बाबा. दुकानाला खुशाल कुलूप लावा, गिऱ्हाइकं चार दिवस सायकल ढकलत नेतील. वीसला सकाळी ताईबरोबर मुकाट्याने जा, तिथे डॉक्टरांना अक्कल शिकवू नका. घरी यायच्या विमानाच्या तिकिटासाठी मी पैसे साठवत होतो, ते सगळे काल ताईच्या खात्यात टाकलेत. ऑपरेशनला पुरतील असं ती म्हणते. मोजून एक्केचाळीस हजार सहाशे.

तुमचाच,
भिंगऱ्या