पुसलेलं पाणी

सोमवार, ३ तारीख
खोलीला कडी नाही, बादलीला कान नाही, आणि कौलं गळतात ती नेमकी माझ्या खाटेवर. कुणी विचारेल, बाई, नोकरीला आलीस की शिक्षा भोगायला? पण जीव खूश आहे. माझा धाकटा मुलगा ज्या जहाजावर भांडी घासतो, तिथला फोन आधी वर उपग्रहाला जातो आणि खाली उतरतो तो इथल्याच डिशमध्ये. पाऊस आला की त्याचं बोलणं तुटायचं. म्हटलं, बघू तरी कोण तोडतंय.

डिश केवढी! आभाळाकडे आ वासून बसलेली. मधोमध खांबांवर तिचं तोंड, तोंडावर पातळ झाकण. पाऊस ओसरला की यंत्रं बघणारे साहेब यंत्र थांबवतात आणि मी शिडीवर चढून झाकण पुसायचं. साहेब सांगत होते, उष्ण मुलखात थेंब मोठे, ते आवाज वाटेतच गिळतात. झाकणावर बसलेलं पाणीही गिळतं. मी म्हटलं, असं पुसेन की पोराचा एक शब्द सांडणार नाही. ते हसले. म्हणाले, मावशी, फडक्याने आभाळ पुसता येत नाही.

ही वही धाकट्याने दिली. सुट्टीवर आला की वाचणार आहे, म्हणून अक्षर जरा बरं काढते.

रविवार, ९
धाकट्याचा फोन आला. जेवलीस का, गुडघा कसा आहे, नेहमीचंच. तेवढ्यात पाऊस कोसळला. तो म्हणाला, "आई, इथे पाणी—" आणि पुढे नुसती खरखर.

साहेब म्हणाले, थांबला की लागेल. थांबला. मी झाकण लख्ख पुसलं, फडकं गटारात पिळलं. फोन लागला नाही.

बुधवार, १२
जहाज कुणाशीच बोलत नाही. कंपनीला विचारलं, तर म्हणे हवामान. कुणाचं हवामान? इथे दोरीवर धुणं कडक वाळलंय.

शुक्रवार, १४
दुपारी धो धो. यंत्रांच्या खोलीत फरशी पुसत होते. यंत्राच्या काचेवरची नाचती रेघ आडवी झाली, साहेबांनी हात टेकले. लाइन मेलेली. आणि त्या मेलेल्या लाइनीतून, "आई."

साहेब म्हणाले, पावसाची स्वतःचीच खरखर असते. असेल. पण सर्दी झालेला असला तरी माझं पोर मी ओळखते. आणि साहेब माझ्याकडे बघत नव्हते.

पाऊस थांबला, आवाजही थांबला. वर चढले. पुसलं. पिळलं.

शनिवार, १५
पुन्हा पाऊस. पुन्हा तो. आवाज कालच्यापेक्षा निम्मा.
"आई, पुसू नकोस."

रविवार, १६
पाऊस गिळतो, मग गिळलेलं जातं कुठे, हे मी विचारलंच नव्हतं. झाकणावर बसतं. तिथे होता तो. मी पुसला. पिळला. माझ्या हातांनी—

गटार खरवडलं. कोरडं.

मंगळवार, १८
पुसणार नाही म्हटलं. साहेब हळूच म्हणाले, मावशी, बाकीची जहाजंही आहेत. खरं आहे. त्यांनाही आया आहेत. म्हणून भांडले नाही.

गुरुवार, २०
दुसरी बाई आली. छान पुसते. पिळतेही घट्ट. मी खिडकी लावून घेतली.

शनिवार, २२
पाऊस. मला तिकडे जाऊ देत नाहीत.
कौल गळतंय. वहीवर थेंब पडला. पदर नेला होता पुसायला—
नाही पुसत. फुटू दे अक्षर.
धाकट्या, ऐक. उद्या रविवार, तुझ्या फोनचा वार. उन्हात बोललास तर जेवायला बसेन. पावसात बोललास तर समजेन. पण अर्धं नको. उद्यापर्यंत मला उत्तर पाहिजे, पूर्ण, तू कुठे—
थेंब हलतोय—
उद्यापर्यं—