निळ्या गाऊनची मालकी

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा बसगाड्यांच्या सीटा शिवणे, हल्लीचा धंदा घरच्यांसाठी आणि मागतील त्यांच्यासाठी शिवणे, हे मृत्युपत्र आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात मात्र कापतो. अक्षर वाकडे आले तर तो दोष हाताचा मानावा, हेतूचा मानू नये. माझ्या मानेवर कोणी बसलेले नाही. मुलगा बसू पाहत होता, त्याला मी बाजारात पाठवले आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही कबूल केले असल्यास ते रद्द समजावे. जेवताना माणूस काहीही बोलतो.

कलम पहिले : वारस

पत्नी हयात नाही. मागे मुलगा, सून, त्यांची मुलगी म्हणजे माझी नात, आणि धाकटी लेक. लेकीने लग्न उशिरा केले, पण जावई शांत मिळाला. पत्नीला एक भाऊ आहे. तो माझा वारस नाही, तरी त्याची तजवीज कलम चौथ्यात केली आहे.

कलम दुसरे : घर

घर माझ्या स्वकष्टाचे असून त्यावर कोणाचा बोजा नाही. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची मुलगा व लेक यांना निम्मी निम्मी. बँकेत असेल तेही तसेच.

रस्त्यावर उघडणारी पुढची खोली मात्र मी सुनेला देत आहे, तिच्या एकटीच्या नावाने. यावर मुलाशी माझे बोलणे झाले आहे. नंतर कोणी म्हाताऱ्याला फसवले म्हणू नये म्हणून ते येथे देतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्याच बायकोला मिळणार ना? मग माझ्या नावावर करायला काय हरकत आहे?"

मी म्हणालो, "तू ती भाड्याने देशील."

"देईनच. औषधवाला गोदामासाठी कधीचा मागे लागलाय."

"म्हणून."

तो हसला आणि उठून गेला. मुलगा वाईट नाही. रिकामी जागा दिसली की त्याला भाडेकरू दिसतो, एवढेच.

सुनेलाच का, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. शेजारी बसलेल्या वकीलबाई म्हणतात, कारण द्यायची कायद्याने गरज नाही. कायद्याला नसेल, माझ्या लेकीला आहे.

आमच्या घरात वाढदिवस, लग्न, नवे घर, पास झालेली परीक्षा, कशालाही विकतची भेट द्यायची नाही असा पत्नीचा नियम होता. ती कापड निवडी, मी शिवी. (म्हणजे शिवत असे. वकीलबाईंनी येथे भुवई उंचावली.) सीटा शिवणारा हात हलके काही शिवत नाही. माझ्या पिशवीचा बंद तुटल्याचे कोणी ऐकलेले नाही. लेकीचे शाळेचे दप्तर तिच्या नोकरीतही कामाला आले. उशा इतक्या टणक होत की पाहुणे दुसरी रात्र राहत नसत.

मुलाच्या लग्नात मी जाड गोधडी दिली. दोन बाजूंना दोन रंग, आत फोमची पातळ पट्टी, काठाला दुहेरी शिवण. पुढे त्यांनी घर बदलले, तेव्हा मी मदतीला गेलो. टेम्पोत फ्रिज होता आणि फ्रिजभोवती ती गोधडी दोरीने आवळून बांधली होती. सुनेने माझे तोंड पाहिले आणि म्हणाली, "बाबा, एवढं जाड दुसरं काहीच नव्हतं घरात. बघा, फ्रिजला ओरखडासुद्धा नाही."

त्यानंतर मी त्या घरासाठी शिवणे बंद केले. पत्नी म्हणायची, "अहो, वस्तू वापरली हे काय कमी आहे?" मला ते पटत नव्हते. नातीचा जन्म झाला तेव्हाही मी झबले शिवले नाही, विकतचे नेले. सुनेने ते घेतले, घडी केली आणि म्हणाली, "छान आहे." तिला समजले होते, हे मला समजले.

मग पत्नीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. "हो", "नाही" आणि "अगं" एवढे तीन शब्द राहिले. सर्वांत वाईट वेळ कपडे बदलण्याची. उजवा हात बाहीत घालताना ती ओरडायची. रोज. शेजारी खिडकी लावून घेत. मी तिचा गाऊन बगलेपासून खालपर्यंत कापला आणि सीटच्या कव्हरला लावतो तशी चेन बसवली. चेनीत कातडी सापडली. मग वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. ती उघडताना खर्रकन आवाज होई आणि पत्नी दचके. मी शिवणयंत्राशी बसून राहिलो. काही सुचेना.

सून नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला आहे. कचेरीच्या आधी ती रोज सासूला आंघोळ घालायला यायची. तिला कोणी बोलावले नव्हते. एका सकाळी तिने माझ्या हातातला गाऊन घेतला, जमिनीवर पसरला आणि खडूने रेघा ओढायला लागली.

"बाबा, तुम्ही उभ्या माणसाचं माप घेताय. आई बसलेल्या असतात. पाठीमागे एवढं कापड कशाला? ते गोळा होतं आणि टोचतं. पुढे गुडघ्यावर हवं."

जन्मभर मी सीटा शिवल्या, बसणाऱ्यांचा विचार केला नाही. मी म्हणालो, "मग बंद कशाने करायचे?"

"टिचबटणं. खांद्यापासून मनगटापर्यंत. बाही सगळी उघडायची, हात नुसता वर ठेवायचा आणि मिटत जायचं. घालायचं नाहीच, भोवती बांधायचं."

"फ्रिजसारखं?"

"हो, फ्रिजसारखं," ती म्हणाली, आणि पुन्हा रेघा ओढू लागली.

तो गाऊन घातला त्या दिवशी पत्नी ओरडली नाही. टिचबटणे एकामागून एक बसताना तिने नुसते कान देऊन ऐकले. शेवटचे बसले तेव्हा "हो" म्हणाली.

कलम तिसरे : निळा गाऊन

हे कलम लेकीने आणि सुनेने एकत्र बसून वाचावे.

लेकीचे लग्न ठरले, तेव्हा आई लग्नाला येणार नाही असे दिसले. विचारले की "नाही". घरातल्या गाऊनमध्ये ती चारचौघांत जाणार नव्हती. तिच्याकडे निळे रेशमी कापड ठेवणीत होते. मीच कधीतरी आणलेले, कापायला जीव होत नाही म्हणून पडून राहिलेले. सुनेने ते तिच्या मांडीवर ठेवले. पत्नीने डाव्या हाताने ते बराच वेळ चाचपले. मग कापडावर एक जागा दाखवली आणि बोटांनी आत काही सरकवल्याची खूण केली. आम्हाला समजेना. सुनेला समजले. खिसा हवा होता, डाव्या हाताला. तोंडाच्या कडेने लाळ येई आणि ती दुसऱ्या कोणी पुसलेली तिला चालत नसे. रुमाल आपल्या खिशात हवा.

रेशीम माझ्या यंत्राखाली सरकत होते. सुनेने आकृती काढली, मी शिवले, जिथे टाका वाकडा गेला तिथे तिने उसवले. बटणे कापडाच्या पट्टीखाली झाकली.

लग्नात पत्नी पहिल्या रांगेत बसली. लोक येऊन भेटून गेले. मग तिचा भाऊ आला. त्याला सभा गाजवायची सवय. म्हणाला, "ताई, हे काय? दाजींनी बसच्या सीटचं कव्हर घातलं की काय तुला?" दोनचार जण हसले. सुनेचा चेहरा उतरला.

पत्नीने तोंड हलवले. ओठ एका बाजूला ओढले गेले. सगळे थांबले. मग ती स्वच्छ म्हणाली, "तिकीट काढ."

अख्खा मांडव हसला. लेक लग्नाची घाई सोडून आईला मिठी मारून बसली. हे दोन शब्द तिला कुठून सापडले ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही. पुढे तिच्या बोलण्यात आणखी काही शब्द आले, पण असे नेमके नाहीत.

त्यानंतर ती दोन हिवाळे राहिली.

ती गेल्यावर सुनेने सगळे गाऊन धुऊन पुढच्या खोलीतल्या कपाटात ठेवले. वर्षभराने लेक आली. कपाट उघडून म्हणाली, "आईचा निळा गाऊन कुठाय?"

सून म्हणाली, "आमच्या कचेरीतल्या बाईंच्या आईला दिलाय. त्यांचाही हात गेलाय. त्यांच्या नातीचं लग्न होतं."

"तो माझ्या लग्नातला होता, वहिनी!"

"म्हणूनच दिला. लग्नात घालण्यासारखा दुसरा नव्हता."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

लेक चप्पल घालून निघून गेली. दोघींचे बोलणे बंद झाले. मी मध्ये पडलो नाही. दोघींचेही बरोबर होते आणि अशा ठिकाणी तिसरा माणूस फक्त मार खातो.

गाऊन परत आला, धुतलेला, एका बाजूने थोडा उसवून सैल केलेला. मग दुसऱ्या कोणी नेला. त्यांनी खाली झालर लावली. कोणाच्या घरी साठावा वाढदिवस, कोणाच्या घरी मुलगा परदेशाहून येणार. लोक साधे गाऊनही मागू लागले, कोणी चाकाच्या खुर्चीची कव्हरे. पुढच्या खोलीत सून रविवारी आकृत्या काढी, मी आठवडाभर शिवी.

लेक माझ्याकडे येई ती सून नसताना. एका दुपारी मी आत पडलो होतो आणि दार लेकीने उघडले. एक माणूस उभा होता. बायकोसाठी निळा गाऊन हवा होता. तिच्या भावाला भेटायला जायचे होते आणि आजारपणानंतर ती घराबाहेर पडली नव्हती. मला वाटले, लेक आता त्याला वाटेला लावणार. मग मला कपाटाचा आवाज आला. ती त्याला सांगत होती, "आधी दुखरा हात, मग चांगला. बटणं खांद्याकडून लावत या, मनगटाकडून नको. आणि डावीकडे खिसा आहे. त्यात रुमाल ठेवा, आणि तो त्यांचा त्यांना काढू द्या."

तो गेल्यावर ती माझ्या पायाशी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, खाली ती झालर कुणी लावली? भयंकर दिसते."

मी म्हणालो, "तुझ्या वहिनीला विचार."

तिने फोन केला. झालर काढायची की ठेवायची यावर दोघी पुष्कळ बोलल्या. झालर अजून आहे.

सबब मी ठरवतो की निळा गाऊन लेकीच्या मालकीचा राहील आणि ताबा सुनेकडे राहील. मालकिणीने तो हवा तेव्हा पाहावा. ताबेदाराने तो मागेल त्याला द्यावा. जीर्ण होऊन फाटला तर फाटला, त्याबद्दल एकीने दुसरीकडे भरपाई मागू नये.

कलम चौथे : इतर वस्तू

मोठे शिवणयंत्र सुनेला. पट्टा दर पावसाळ्यात ढिला पडतो. यंत्राला शिव्या देऊन उपयोग नाही, तेल द्यावे.

मोठी कात्री लेकीला. तिने कागद कापू नये.

बटणांचा डबा नातीला. तिने तो आधीच नेला आहे, तरी कायदेशीर असावे म्हणून लिहिले.

चाकाच्या खुर्चीवर घालायची कव्हरे, तयार व अर्धवट, मुलाने ज्याच्या त्याच्या घरी पोहोचवावीत. पत्ते सुनेला माहीत आहेत. तेवढ्याने त्याला या खोलीत काय चालते ते समजेल.

मी नोकरीतून निघालो तेव्हा सोबत्यांनी एका भंगारातल्या बसची दोन माणसांची सीट काढून मला दिली. ती ओसरीत आहे. कव्हर माझ्या हातचे, एक टाका सुटलेला नाही. ती मी पत्नीच्या भावाला देतो. त्या लग्नानंतर तो आमच्या घरी आला नाही. बहीण गेली तेव्हा दाराबाहेरूनच परतला. सीट त्याने स्वतः येऊन न्यावी. निदान एकदा तिच्यावर बसून चहा घ्यावा. तिकीट माफ आहे.

कलम पाचवे : अंमलबजावणी

या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. त्या मोबदला घेत नाहीत म्हणाल्या. त्यांच्या आईच्या दोन गाऊनांचे काम चालू आहे, ते सुनेने पुरे करावे.

कलम सहावे : वगळलेली वस्तू

माझ्या मिळकतीतून एक सदरा मी वगळत आहे.

घरच्या सगळ्यांसाठी मी शिवले, पण माझ्यासाठी कोणी कधी शिवले नव्हते. तसे मनातही आले नव्हते. गेल्या महिन्यात सुनेने एक पुडके आणून यंत्रावर ठेवले आणि कचेरीत गेली. आत पांढरा सदरा होता. मी उलटून शिवण पाहिली. टाके कुठे मोठे, कुठे लहान. आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. मला वाटले, चुकली. उसवून सरळ करावा म्हणून आधी घालून पाहिला.

तो बरोबर बसला. जन्मभर यंत्रावर वाकून माझाच डावा खांदा खाली आला आहे. विकतचा सदरा त्यामुळे एका बाजूने लोंबतो, आणि मी समजत होतो की सदरेच असे असतात.

संध्याकाळी मी तिला विचारले, "माप कधी घेतलंस?"

म्हणाली, "तुम्ही खुर्चीत डुलकी काढत होतात तेव्हा."

हा सदरा मी कोणाला देत नाही. दुसऱ्या कोणाला तो बसणार नाही. निघताना तो माझ्या अंगावर असावा.

येणेप्रमाणे लिहिलेले मी स्वतः वाचून पाहिले, वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवले, आणि ते माझ्या मनाप्रमाणे आहे म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करतो.

स्थळ : घराची पुढची खोली.
दिनांक : सोबतच्या दाखल्यावर डॉक्टरांनी घातलेला, तोच.

सही : मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला : कोपऱ्यावरचा औषधवाला. माझ्यासमोर सही झाली. गोदामाबद्दल माझी काही तक्रार नाही.
सही

साक्षीदार दुसरी : शेजारीण, पलीकडच्या दारातली. माझ्यासमोर सही झाली. सही करताना त्यांनी पांढरा सदरा घातलेला होता.
सही