चंद्रोदयाचं पान

प्रिय ऋतास,

आई जुईनगरहून लिहिते आहे. आधी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढलं, आता फोनवर उतरवतेय. खाडाखोड तिकडेच राहिलेली बरी. तूच म्हणायचीस, विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या आपल्या पानांवर, काही लपत नाही, पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल नाव-तारखेसकट दिसतो.

आठवतं ना, तुम्ही मित्रमैत्रिणींनी मिळून पंचांगाचा तो फुकट प्रोग्रॅम केलात आणि मदतीची पानं मराठीत कोण लिहिणार म्हणून अडलात. 'आई, उपास तू करतेस, तूच लिही,' म्हणालीस. दहावी पास बाईचं कोण वाचणार, म्हटलं, तर तू मला खातंच उघडून दिलंस. मी लिहायचे, तू पाठोपाठ येऊन नीट करायचीस आणि खाली शेरा मारायचीस: 'आई, एका पायरीत एकच काम. साबुदाणा नाही हा, सगळं एकदम भिजवायला!' शेजारच्या खोलीत बसून शेरे मारायचीस आणि वर हसायचीस.

मग धनेशचं नाव निघालं. इथल्या मूळ गावठाणातला मुलगा, आपल्या जातीतला नाही, म्हणून हे म्हणाले, या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. तू माझ्याकडे बघितलंस. तव्यावर पोळी होती, मी ती उलटली.

तू त्याच्याशी लग्न करून गेलीस, तुझा नंबर बंद झाला. धनेशच्या आईकडे, विहीणबाईंकडे, दोनदा जाऊन आले. त्यांनी चहा दिला, पत्ता दिला नाही. पण पानावर तू यायचीस. मी काही लिहिलं की दोन दिवसांत तुझ्या नावाने दुरुस्ती. शेरा नसायचा, पण माझी लेक बरी आहे, जेवतेय, बसून काम करतेय, एवढं मला कळायचं. मग मी मुद्दाम चुका ठेवू लागले. तिसऱ्या पायरीआधी चौथी लिहायची आणि वाट बघायची. दोन वर्षं असं चाललं. गेल्या आषाढापासून तू आली नाहीस. छोट्या चुकांना येत नाहीस, तर मोठी करून बघू, असं माझ्या मनात आलं. देव मला क्षमा करो.

प्रोग्रॅम आपणहून उज्जैनची वेळ दाखवतो, तिथे चंद्र आपल्या आधी उगवतो, म्हणून आधी आपलं गाव निवडायचं, हे मीच चंद्रोदयाच्या पानावर लिहिलं होतं. ते काढलं आणि लिहिलं, गाव निवडायची गरज नाही. वाटलं, एवढं बघून तरी धावत येशील. पण आली सीवूड्सची कुणी प्राची. तिने पानाच्या चर्चेत विचारलं होतं, 'हे कोणी लिहिलंय? माझ्या सासूबाईंनी एकवीस वर्षांत पहिल्यांदा अंगारकीला चंद्र उगवायच्या आधी उपास सोडला. त्या दोन दिवस रडताहेत.' पुढच्या संकष्टीला मी दुसऱ्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याने त्या माउलीचा उपास जोडला जात नाही, कळतं मला.

चूक तुमच्या प्रोग्रॅमवाल्या मित्रांतल्या जयप्रकाशने दुरुस्त केली. त्याने लिहिलं, 'काकू, चुकून झालं असेल, वाईट वाटून घेऊ नका. ऋताने हे काम सोडलंय. पानांवरच्या नोंदींचे निरोप तिला जायचे, तेही तिने बंद करायला सांगितले.' म्हणजे मी लिहिते हे तुला दिसत होतं, आणि आता बघायचंच नाही असं तू ठरवलंस. बरोबर आहे तुझं.

जुना विकी रविवारी लिहिण्यासाठी कायमचा बंद होतोय. पानं वाचता येतील, बदलता येणार नाहीत. म्हणून हे पत्र चंद्रोदयाच्या पानाच्या चर्चेत ठेवतेय. तुझा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. परकी माणसं वाचतील, वाचोत. तू वाचशील असं वाटत नाही. माझ्या सगळ्या मुद्दाम केलेल्या चुका या आठवड्यात मीच एकेक करून काढल्या. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, ते मात्र इथे माझ्या नावाने, तारखेसकट राहू दे. रविवारनंतर मला इथे चूकसुद्धा करता येणार नाही.

तुझीच, न बोललेली
आई