मीनलचे पुढचे दोन दात

१६ जानेवारी १९९९, शनिवार
मीनल दुपारच्या पोलादपूर गाडीने एकटीच आली. तोंडावर पदर. दारातच विचारलं, "काय झालं?" पदर काढला. वरचे पुढचे दोन दात मोडलेले. एक अर्धा, दुसऱ्याचा नुसता खुंट. ओठ सुजून टरारलेला.
म्हणाली, सासरची सगळी सवच्या गरम कुंडांवर गेली होती, शेवाळावरून पाय घसरला. तशीच रिक्षात घालून दाताच्या डॉक्टरांकडे नेली. तिला बोलवत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं, सवला पडली. डॉ.नी केसपेपरवर लिहून घेतलं. नस उघडी पडली आहे. दोन्हींचं रूट कॅनल, मग दात चहूबाजूंनी घासून वर सिरॅमिकच्या कॅप. पुण्याच्या लॅबमधून करून येतात. "काकू, कुणाला ओळखूसुद्धा येणार नाही."
तेवढाच धीर. ह्यांनी रव्याची खीर केली. लेक आली की हे स्वयंपाकघरात शिरतात, मी आवरत बसते.

१९ जाने., मंगळवार
रजा टाकून तिच्याबरोबर गेले. जावयाचा अजून फोन नाही. पोलादपूरला त्यांच्या दुकानात फोन आहे, तरी नाही.
पडणारा माणूस आधी हात टेकतो. तिचे तळवे साफ. कोपर, गुडघे, हनुवटी, कुठे ओरखडा नाही. तहसील कचेरीत अपघाताचे पंचनामे वाचण्यात माझी हयात गेली. मला हे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं.
विचारलं. "आई, पुरे."
डॉ.नी बाहेर बोलावलं. "काकू, नुसतं पडून ओठ आतून असा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही करू दिलं नाही.

२२ जाने., शुक्रवार
शेजारी हळदीकुंकू. मीनल आली नाही, मी गेले. प्रत्येकीने सवच्या पायऱ्यांबद्दल हळहळ केली. कुणी म्हणालं, ग्रामपंचायतीला लिहायला हवं. कुणी म्हणालं, "तुम्ही लिहा, तुमचं ऐकतील." गावात माझ्या शब्दाला वजन आहे.

२४ जाने., रविवार
गच्चीवर न्हाऊन केस वाळवत बसली होती. मी फणी घेऊन मागे बसले. तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलली असेल.
"हातात तांब्या होता त्यांच्या. भरलेला."
मी गुंता सोडवत राहिले. मग, "बाबांना सांगू नकोस."
याआधी कधी असं? गप्प. म्हणजे आधीही.
म्हटलं, तू परत जायचं नाहीस. माझ्या आवाजाने खालची शेजारीण वर बघायला लागली. मीनल हळूच म्हणाली, "तू सगळ्यांना सांगितलंस ना, सवला पडले. मग पडलेच मी."
केस विंचरले. वेणी घातली. दुसरं काय करणार होते.

२६ जाने., मंगळवार
ऑफिसचं झेंडावंदन उरकून घरी आले तो फोन. विहीणबाई.
"दात कधी लागतात तिचे? आमच्या पुतणीचं लगीन हाय. थोरली सून बोळकी दिसून कसं चालंल? फोटू निघनार."
म्हटलं, "ती कशी आहे हे विचारायचं राहिलं तुमचं."
"बरीच आसंल की, आयशीकडं हाय. पोरीला नीट चालायला शिकवा, विहीणबाय. आमच्या घरात कोन पडत नाय."
फोन ठेवला. संतापाने. भीतीने नाही. असं इथे लिहिते आहे.
लग्न फेब्रुवारीअखेर, उमरठ गावी. कॅप बसल्या की जायचं, असं मीनलने परस्पर कबूल केलंय.

२८ जाने., गुरुवार
आज कॅपसाठी दात घासायचे होते. डॉ.ना आधीच गाठून सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "पोलिसात जायचं असेल तर आधी जा. एकदा घासले की मोडलेली कड उरत नाही. केसपेपर मी दुरुस्त करतो, सर्टिफिकेट देतो. पण तोंडाने तिने सांगायला हवं."
आत जाऊन म्हटलं, "मीनल, ऊठ. आधी पोलिसात. मग हे."
ती खुर्चीत आडवी झालेली, गळ्याला कागदी रुमाल. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डॉक्टर, तुम्ही घासा."
तिचं वय सव्वीस. तिचं तोंड.
बाहेर बाकावर बसून मशीनचा आवाज ऐकला. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मनात म्हणत होते, आता अर्धं उरलं असेल. आता काही नाही.
मग गुलाबी लगद्यात दातांचं माप घेतलं. रंग ठरवायला खिडकीशी उभं केलं. पट्टीवर ओळीने खोटे दात, किंचित पिवळे, किंचित राखी. डॉ. एकेक तिच्या दातांशी धरून बघत होते. तिने आरसा मागून घेतला. "हा नको. हा फार पांढरा, खोटा वाटेल." आल्यापासून पहिल्यांदा कशात तरी मन घातलं तिने.
तोवर तात्पुरत्या प्लॅस्टिकच्या कॅप.

४ फेब्रु., गुरुवार
ऑफिसातून परस्पर दवाखान्यात गेले. कॅप आल्यात. कापसात ठेवलेल्या. आतून पोकळ, वरून इतक्या खऱ्या की अंगावर काटा आला.
डॉ.ना म्हटलं, आल्याचं सांगू नका तिला. त्यांना आवडलं नाही. "चार दिवस, काकू. त्यावर मला जमणार नाही."
घरी विचारलं तिने. "नाही आल्या." डोळे मिटून सांगितलं. कुकर लावत होते, म्हणून तिला दिसलं नाही.
चार दिवसांत काय करणार आहे मी? ठाण्याला माझी मावसबहीण आहे, तिथे पाठवता येईल. बी.एड.चा फॉर्म आणता येईल. वकील. महिला मंडळ. सगळं मीच करणार. तिने नुसतं हो म्हणायचं आहे.

६ फेब्रु., शनिवार
बी.एड.चं काढलं. "बरं," म्हणाली. ठाण्याचं काढलं. "बरं." मग विचारलं, जातेस ना? "कॅप आल्या की बघू."
हिच्या "बरं"वर डोकं आपटावंसं वाटतं.

८ फेब्रु., सोमवार
ती आज एकटीच दवाखान्यात जाऊन आली. डॉ. खोटं बोलू शकले नाहीत.
मी दारात चप्पल काढते आहे तोच, "तू माझे दात लपवून ठेवलेस?"
"चार दिवसांसाठी."
"त्यांनी मोडले. तू लपवलेस. माझ्या तोंडाचं काय करायचं ते सगळे ठरवतात."
हे समोर वर्तमानपत्र धरून बसलेले. कागद जराही हलला नाही. "मोडले" त्यांनी ऐकलं. काही विचारलं नाही.
मी पोळ्या केल्या. तिघंही जेवलो नाही.

१० फेब्रु., बुधवार
बसवल्या. सिमेंट धरेपर्यंत कापूस चावून बसली. मग आरशापुढे कितीतरी वेळ. वळून माझ्याकडे बघून हसली. भांडण विसरून, शाळेतून यायची तशी.
बारीक निरखून बघितलं. कुठले दोन ते मलाही सांगता येईना.
म्हणजे आता कुणालाच येणार नाही.
संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. तांब्यापासून. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "मला त्या दिवशीच कळलं. तू काढशील मार्ग, म्हणून गप्प राहिलो." ह्यांना काय बोलावं.

१३ फेब्रु., शनिवार
श्रीकांतराव मीनलला न्यायला जीप घेऊन आले. वाकून नमस्कार. पेढे. मीनलकडे बघून, "झकास! आधीच्यापेक्षा बेस्ट दिसतायत." तिने मान खाली घातली. लाजल्यासारखी. खरंच लाजली की काय, कळेना. तेच जास्त लागलं.
म्हटलं, "बसा, चहा घ्या. माझी बॅग भरून होते आहे."
"तुमची?"
"डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. सुपारी, कणीस, ऊस बंद. लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. मी येतेय."
चहाचा कप तोंडाशी थांबला. आमच्यात नातवंड होईपर्यंत मुलीकडचं पाणीसुद्धा घेत नाहीत. माझी आई माझ्या घरी कधी टेकली नाही, ओटीवरून परत जायची. हे आत येऊन कुजबुजले, "अगं, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "लोकांना सांगायला मी सवला जाऊन पडेन."
रजेचा अर्ज कालच दिला होता. मीनलला विचारलं नव्हतं. पुन्हा एकदा तिला विचारायचं राहून गेलं, हे जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं. ती पुढे बसली. मागे वळली नाही.

१४ फेब्रु., रविवार. पोलादपूर
काल पोचलो तेव्हा विहीणबाई दारातच, "अगो बाय, तुमी? पाणी तर घेनार नाय तुमी आमच्याकडं."
"द्या ना. तहान लागली आहे."
उभ्यानेच पेला रिकामा केला. सगळं घर बघत होतं. आईची आठवण आली.
मला माजघरात कॉट दिली. मीनल-श्रीकांतरावांच्या खोलीला लागून. मीच मागितली.

१७ फेब्रु., बुधवार
तीन वेळा तिच्याबरोबर जेवते, भांडी घासायला बसते, दुकानात डबा द्यायला जाते. जावई आवाज चढवत नाहीत. "आई, हवं-नको सांगा." विहीणबाई शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शिकलेल्या बायका, त्यांना कसली लाज?" ऐकून घेतलं.
सकाळी मागच्या दारी मीनल म्हणाली, "बरं वाटतं तू आहेस तर." मी काही बोलायच्या आत, "पण तू अशी सारखी बघू नकोस माझ्याकडे. सगळ्यांना दिसतं."
ठाण्याचा पत्ता तिच्या पर्समध्ये ठेवला. सांगून ठेवला या वेळी. तिने काढून टाकला नाही. ठेवलाय, असंही म्हणाली नाही.

१८ फेब्रु., गुरुवार
दुपारी सगळे पानावर. मीनल वाढत होती. श्रीकांतराव भात कालवता कालवता, अगदी अदबीने,
"आई, रजा कधी संपते तुमची?"
विहीणबाई थांबल्या. सगळे थांबले.
म्हटलं, "वाढवून घेता येते."
"घ्या की," हसून म्हणाले. "आम्हाला कुठं घाई आहे?"
मीनलच्या हातातला डाव वरच्या वर राहिला. "वाढ गं," मी म्हटलं. तिने वाढलं. मी जेवले.