मूठ सुटत नाही

तीर्थरूप दादास,

बरं, मान्य, आपल्या आजाराच्या रुग्णांची संस्था काढून मी घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली. पण "आपल्या घरात असलं कुणाला काही नाही" एवढंच घोकून फोन आपटायचा, ही कुठली रीत? तरी तू मोठा, म्हणून साष्टांग नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनीची दाढ? मी मजेत आहे. (हाताचं सोडून. आणि बोलायला कुणी नाही, तेही सोडून.)

आजार तुला माहीतच आहे. मुठीत घेतलेलं सुटत नाही. आतून कितीही "सोड, सोड" म्हटलं तरी बोटं आपल्या सवडीनं उघडतात, थंडीत तर त्यांची मिजास विचारू नकोस. इथं धुलाई कारखान्यात चादरीची घडी दोघांनी घालायची असते. दोन टोकं जोडीदाराची, दोन माझी. जवळ यायचं, आपली टोकं त्याच्या हातात द्यायची आणि मागं फिरायचं. मी देतो, पण टोकं सुटत नाहीत. मग जोडीदार चादरीसकट मलाही कपाटापर्यंत नेतो. सगळे मला चिकट्या म्हणतात. (डॉक्टरीणबाई आजाराचं लांबलचक नाव सांगतात. त्यापेक्षा चिकट्या बरं.) त्याच बाई म्हणाल्या, ह्याचे रुग्ण इतके विखुरलेले आहेत की संशोधनाला कुणी हात घालत नाही, रुग्णांनीच एकत्र येऊन निधी आणि रक्ताचे नमुने जमवले तर काम लवकर होईल. म्हटलं, येऊ की एकत्र. आणि आलो. एकटाच.

पहिल्या सभेला घरमालकीण काकूंची बोलणी खाऊन त्यांच्या सगळ्या खुर्च्या खोलीत मांडल्या. जोडीदार तेवढा आला. त्याला आजार नाही, चहा हवा होता. मी रिकाम्या खुर्च्यांसमोर भाषण शेवटपर्यंत केलं. (भाषणाचा कागद मुठीतून सुटेना, मग वाचत राहणंच बरं.)

मग देणगीसाठी कारखान्याच्या मालकांकडे गेलो. त्यांनी "बघू, बघू" करत हात पुढं केला, म्हणजे आता निघ. मी हात मिळवला आणि अडकलो. त्यांना वाटलं, पोरगा हट्टाला पेटला. "सोड, पाचशे देतो." म्हटलं, साहेब, सुटत नाहीये. "बरं बाबा, हजार!" मी खरं सांगत गेलो, रक्कम चढत गेली. पाच हजारांवर बोटं उघडली. जोडीदार म्हणतो, जरा थंडी असती तर दवाखाना उभा राहिला असता! दुसऱ्या दिवशी पैसे परत द्यायला गेलो, तर मालकांनी दोन्ही हात खिशात घातले. "राहू दे, राहू दे!" तेव्हापासून कारखान्यात सगळेच मला लांबून नमस्कार करतात.

तुझा धाकटा
(अध्यक्ष)

ता. क. बाई म्हणतात, दोन सख्ख्या भावांचं रक्त मिळालं तर पुष्कळ उलगडा होईल. मी तुझं नाव घेतलेलं नाही. पण चहा संपला तरी कप हातातच ठेवून तू गप्पा का लांबवतोस, हे मी लहानपणापासून बघतोय.

आणखी एक. मी निघालो तेव्हा खिडकीतून धरलेला माझा हात तू गाडी हलली तरी सोडला नव्हतास. गाडीबरोबर पळालास. त्या एका हातावर मी इथले दिवस काढतोय. तो आजार होता की माया, एवढं कळव. आजार असेल तर रक्त द्यायला ये. माया असेल तरी ये. तिकिटाला माझ्या पगारातले (संस्थेचे नव्हेत) तीन हजार पाठवतोय.